पहिलं नाव

दिवाळ्याच्या जेट्टीवर मला बोलावलं
तेव्हा काम साधं होतं:
जुनं नाव खरवडा, नवं घाला.
दोन डबे पांढरा, एक निळा, रोजचे आठशे,
जेवण ज्याचं त्याने आणायचं.

अवसेच्या उधाणाला ती आत आली होती
टगमागे, दाव्याला बांधलेल्या म्हशीसारखी.
पुलापाशी जरा घुटमळली
आणि चिखलात अशी बसली
की पुन्हा उठायचं तिच्या मनातच नव्हतं.
तीन मजले, एकशे बारा खिडक्या,
दिवा फक्त वॉचमन बुधाजीच्या खोलीत.
नावेला नाव ठेवायचं काम माझं,
नावं ठेवायचं बुधाजीचं.
"हिला पत्र्याचा महारोग आहे," म्हणाला, "जपून."

फळी दोराला टांगून मागच्या अंगाला उतरलो.
वर सोनेरी होतं, 'लकी मर्मेड'.
गोव्यात जुगाराची बोट होती म्हणे;
एका रात्रीत चाक फिरताना कुणी
नेरूळचा बंगला घालवला तिच्यावर.
(बुधाजी काहीही सांगतो.)

सोनेरीखाली हिरवा,
उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं.
तेव्हा तांबड्या समुद्रात मजूर वाहायची,
डेकवर चटया, बोचकी, स्टोव्ह.
तळमजल्याच्या फरशीला अजून
रॉकेलचे गोल डाग आहेत, ते मी पाहिलेत.

हिरव्याखाली पांढरा. 'कालिओपी'.
नवरा-नवरीच्या सहली, रात्री व्हायोलिन,
एका कपाटात सापडलेला एकच उंच टाचेचा बूट.

पांढऱ्याखाली करडा. नाव नाही, नुसता नंबर.
त्याबद्दल बुधाजीही बोलला नाही.

आणि करड्याखाली हातोडी थडकली.
रंग नव्हता तो. लोखंडावर लोखंड,
वेल्डिंगने उठवलेली तीनच अक्षरं,
इंग्रजीसारखी, पण पहिल्या 'ए'च्या डोक्यावर
बारीक गोल, टिकलीसारखा.
अंगठ्याने चाचपली. वाचता येईनात.
रंग निघतो.
हे निघायचं तर पत्राच कापायला हवा.

रात्री घरी सांगितलं.
ती चिवणी साफ करत होती, मान वर न करता म्हणाली,
"पयला नाव काय व्हता मग?"
कळलं नाही, म्हटलं.
"इचारलास नाय कोनाला?"

कोपरापर्यंत खवले लागलेला तिचा हात
चुलीच्या उजेडात होता.
लग्नात ताटातल्या तांदळांवर
अंगठीने मी 'वैजयंती' लिहिलं होतं,
आईने सांगितलं म्हणून.
तिच्या हातावर हिरवं गोंदलेलं आहे
'धुरपी'.
तेवीस वर्षं मी तो हात पाहतोय.

दुसऱ्या दिवशी तिन्ही अक्षरांवर पांढरा मारला, दोन हात,
त्यावर निळ्यात 'क्वीन ऑफ बेलापूर बँक्वेट'.
वाशीचे मालक नारळ घेऊन आले.
दोन रिसेप्शन झाली, एक साखरपुडा.
तिसऱ्या लग्नाला जनरेटर बसला,
आणि भांगाच्या ओहोटीला बोट अशी कलली
की गुलाबजामांचं पातेलं थेट वरमाईपर्यंत गेलं.

पुढे कोर्टाचा कागद डोलकाठीला चिकटवला.
मालकांचा फोन बंद.
माझे चव्वेचाळीसशे राहिले ते राहिलेच.

मग गॅसवाले आले, आठ महिने कापत होते.
खाडीवर निळ्या ठिणग्या,
रोहित पक्षी त्या वर्षी पलीकडच्या काठाला उतरले.
ट्रक तळोज्याकडे जायचे; बोट
उद्या कुणाच्या स्लॅबची सळई होईल, कुणाच्या खिडकीचे गज.
नाव काय ठेवतील गजांना?

शेवटच्या आठवड्यात बुधाजीने
चव्वेचाळीसशेच्या बदल्यात
एक तुकडा रात्रीतून हातगाडीवर आणून टाकला.
माझा रंग त्याच्यावर अजून ओला वाटत होता.

आता तो मासळीबाजाराच्या वाटेवर, गटारावर आहे.
रंग पावलांनीच गेला.
अक्षरांची बाजू वर ठेवलीय,
पावसात पाय सरकू नये म्हणून.
पहाटे चारला पाट्या घेऊन बायका जातात त्याच्यावरून,
हसत, भांडत, बर्फाचं पाणी सांडत.
धुरपीही जाते.
अंधारातही तिला बरोबर कळतं:
टिकलीवर ती पाय देत नाही.